पत्र्यापलीकडच्या कोंबड्या

१

कस्तुराबाईची किंकाळी पत्र्यापलीकडून आली तेव्हा पारूबाई चुलीपुढे बसून गुडघ्याला तेल चोळत होती. कंपनीच्या कँटीनमध्ये दिवसभर पोळ्या लाटायच्या, त्याआधी गुडघा जरा हलता व्हावा, एवढीच तिची सकाळची अपेक्षा असे. तीही पुरी व्हायची नाही. भिंतीचा आधार घेत ती उठली. कस्तुराबाईच्या नवऱ्याला, भिकनला, काही झालं असेल असं तिला वाटलं. रात्रपाळीचा वॉचमन, पहाटे सायकलवरून येणारा, आणि वाळूजच्या रस्त्यावर ट्रकवाले काय कुणाचे सगे असतात?

ती पत्र्याला वळसा घालून पलीकडे गेली तेव्हा भिकन धडधाकट उभा होता. मेल्या होत्या त्या कोंबड्या. खुराड्याचं दार उघडं होतं आणि आत एकीवर एक अशा पडल्या होत्या. काळी, तांबडी, उलट्या पिसांची, अंड्यावर आलेल्या दोन तलंगा, सगळ्या. तुरे काळेनिळे पडले होते.

"मानमोडी आली असंल," गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

पारूबाईला ते पटलं नाही. मानमोडी आली की कोंबडी आधी पेंगते, कोपरा धरते, मान वळवते. संध्याकाळी धावत खुराड्यात शिरलेल्या कोंबड्या सकाळपर्यंत साफ करून टाकेल, असा तो रोग नव्हे.

कस्तुराबाईने कोपऱ्यातलं डालगं उचललं. त्याखाली तिची पिल्लांची कोंबडी होती. तीही मेलेली. कस्तुराबाईने तोंडाला पदर लावला आणि तेवढ्यात मेलेल्या कोंबडीचा पंख हलला. एक पिल्लू बाहेर आलं. मग दुसरं, तिसरं. सगळी पिल्लं चिवचिवत बाहेर आली आणि पुन्हा आईच्या गार पोटाखाली शिरायला धडपडू लागली. ते बघवत नव्हतं.

"हे बघा!" कस्तुराबाई एकदम ओरडली. तिने खुराड्यापुढची माती चिमटीत घेतली होती. मातीत बारीक निळे कण होते. "औषध टाकलंय! निळं औषध!"

निळं म्हटल्यावर सगळ्यांच्या माना एकाच बाजूला वळल्या. पत्र्यापलीकडे पारूबाईच्या छपरावर निळा झेंडा होता आणि त्याखाली तिचा रामकिसन दात घासत उभा होता.

भिकनने त्याच्याकडे बोट केलं. "ह्यानंच केलंय," तो म्हणाला.

२

बजाजनगरच्या मागच्या अंगाला, प्लॉट संपून माळ सुरू होतो तिथे, आप्पासाहेबांनी खोल्यांची एक रांग बांधून भाड्याने दिली होती. राहणारे सगळे खेड्यांतून आलेले. कंपनीत नोकरी लागली तरी कोंबड्या कुणाच्या सुटल्या नव्हत्या. आणि कोंबड्यांचं काही झालं की पारूबाईला हाक मारायची, ही रीत पडून गेली होती. कुणाची कोंबडी खुडूक होऊन उबवायला बसली, कुणाची अंडी गार पडली, कुणाच्या पिल्लाचे पाय वाकडे झाले, की चला पारूआक्काकडे. तिने कधी कुणाला नाही म्हटलं नव्हतं. आता पन्नाशी उलटल्यावर त्याचा तिला मनापासून कंटाळा आला होता.

कस्तुराबाई धनगराची, पारूबाई बौद्ध. दोघी गंगापूर तालुक्यातल्या. गावात त्या एकमेकींच्या उंबऱ्यालाही गेल्या नसत्या. इथे मात्र दोघींचं एकच अंगण होतं. कस्तुराबाईची अंडी पारूबाईच्या कोंबडीखाली रवणाला, उबवायला ठेवायची आणि पिल्लं निम्मी निम्मी वाटून घ्यायची. पारूबाईच्या दारातल्या नळाखाली सिमेंटची एक कुंडी होती, तिच्यावर दोन्ही घरच्या कोंबड्या पाणी प्यायच्या.

मग विद्यापीठाच्या नावाचा वाद पुन्हा पेटला. तसा तो पंधरा वर्षं धुमसतच होता. रामकिसन मोर्चाला जाऊन आला. संध्याकाळी बन्सीच्या ऑम्लेटच्या गाड्यावर भिकन म्हणाला, नाव बदलून कुणाचं पोट भरणार हाय? रामकिसन म्हणाला, मग बदललं तर तुमचं पोट का दुखतंय? शब्दाला शब्द वाढला. दुसऱ्या दिवशी भिकनने अंगणाच्या मधोमध पत्रा ठोकला. त्या दिवसापासून कस्तुराबाई नळाचं पाणी घेईनाशी झाली. रांगेच्या पार टोकाला, आप्पासाहेबांच्या अंगणात हातपंप होता. तिथून ती हंडे वाहू लागली, आणि तिच्या कोंबड्याही कुंडीवर यायच्या थांबल्या. पारूबाईला ते लागलं होतं. कुणाला सांगणार?

आता आप्पासाहेब पंचे सावरत आले. मेलेल्या कोंबड्या पाहिल्या, निळे कण पाहिले.

"मी आधीपासून सांगतोय, कोंबड्या नकोत म्हणून," ते म्हणाले. "आता हे बघा. मला हितं दंगल नको. संध्याकाळी चौकीतले जमादार इकडं यायचेत, त्यांच्या कानावर घालतो. ते पाहून घेतील. आणि पारूबाई, तुम्ही दुसरीकडं खोली बघा."

"आप्पासाहेब, पोराचं नाव आधीच त्यांच्या वहीत हाय, मोर्चापायी," पारूबाई म्हणाली. "केस झाली तर कंपनी त्याला परमनंट करायची नाय. गेटावरूनच हाकलतील."

"मग त्यानं विचार करायचा होता."

"त्यानं केलं नसंल तर?"

"तर कुणी केलं ते सांगा," आप्पासाहेब म्हणाले. "संध्याकाळपर्यंत."

बोलून ते वळले. पारूबाई त्यांच्या पाठीकडे बघत राहिली. या माणसाला माळाकडे आणखी खोल्या काढायच्या होत्या आणि त्याच्या आड येत होती ती ही खुराडी. त्यांनीच नाही ना काही केलं?

तिने कँटीनला निरोप धाडला, आज यायला जमणार नाही. मग ती आप्पासाहेबांच्या मागोमाग निघाली.

३

आप्पासाहेब ओट्यावर चहा पीत होते. पारूबाई पायरीवर टेकली.

"मला विचारायला आलात?" ते हसले. "मला काढायच्याच असत्या तर दोघींच्या काढल्या असत्या. तुमच्या जित्या ठेवून मला काय फायदा?"

हे खरं होतं.

"काल तुम्हाला कुणी दिसलं का, तिच्या दाराशी?"

"मला दिवसभर दिसली ती कस्तुराबाई. काल दुपारी नुसता माझा पंप हापसत होती. हंड्यावर हंडे नेले. रोज दोन नेती, तेवढ्यात भागतं. दोन माणसांना एवढं पाणी कशाला लागतंय, म्हणून मी हटकलंसुद्धा. काही बोलली नाही." त्यांनी कप खाली ठेवला. "पण ते जाऊ द्या. तुमच्या पोराचं बघा."

पारूबाई उठली. गुडघा कटकन वाजला. तिथून ती बन्सीच्या गाड्याकडे गेली. बन्सी ऑम्लेट विकायचा आणि जोडीला कणी, बिड्या, रॉकेलच्या वाती असं किडूकमिडूकही ठेवायचा. कस्तुराबाई आणि पारूबाई दोघी कणी त्याच्याकडूनच न्यायच्या, एकाच पोत्यातली. गिऱ्हाईक नव्हतं. तो फळीवर बसून एक करवत साफ करत होता आणि तोंडाने शिव्या देत होता.

"काय झालं रे?"

"काय व्हायचंय, मावशी. भिकनभाऊंनी काल मागून नेली. सगळे दात बोथट करून आणून दिली. लाकूड कापलं का दगड, देव जाणे. हे बघा, काय अडकलंय दातात."

पारूबाईचं तिकडे धड लक्ष नव्हतं. तिच्या डोक्यात कणी घोळत होती.

"बन्सी, कणीच्या पोत्यात काही पडलं असंल का रे?"

"मग तुमच्या कोंबड्या कशा जित्या?" बन्सी चिडला. "माझ्यावर खापर फोडू नका, मावशी. उलट मीच गप बसलोय. जमादारानं विचारलं तर मला सांगावं लागंल."

"काय सांगावं लागंल?"

बन्सीने इकडेतिकडे बघितलं आणि आवाज उतरवला.

"रामकिसननं परवाच माझ्याकडून उंदराचं औषध नेलंय."

४

रामकिसन घरात पालथा पडून होता. पारूबाई दारातच उभी राहिली. आत जायची तिला भीती वाटत होती, आणि आपल्याच पोराची भीती वाटावी याची लाजही.

"औषध कशाला नेलंस?"

तो उठून बसला. "कुणी सांगितलं? बन्सीनं?"

"कशाला नेलंस, इचारते मी."

"मंडळाच्या खोलीत उंदरांनी बॅनर कुरतडलेत, माय. तिथं टाकायला."

त्याने शर्टाच्या खिशातून पुडी काढून तिच्यापुढे टाकली. पुडी बंद होती. पारूबाईने ती उचलली, उलटीपालटी केली.

"एकच नेली व्हती?"

रामकिसनने पुडी तिच्या हातातून घेतली. मग म्हणाला, "तूबी?"

भिकनने पत्रा ठोकला तेव्हा हा पोरगा रागाने जेवला नव्हता, हे तिला आठवत होतं. रागाच्या भरात माणूस काय करतो हे तिने बघितलं होतं. नामांतराच्या पहिल्या दंगलीत खेड्यात पेटवलेल्या घरांत एक घर तिच्या चुलत्याचं होतं, आणि पेटवणारे काही राक्षस नव्हते, ओळखीचीच माणसं होती. मग आपलंच पोर तेवढं वेगळं असेल हे कशावरून? ती घराबाहेर येऊन कुंडीपाशी बसली.

तिच्या कोंबड्या मात्र मजेत होत्या. एक तांबडी पत्र्याच्या कडेला काहीतरी बघत मान वाकडी करून उभी होती. चोच खाली नेई आणि मागे घेई. पारूबाई सवयीने उठून बघायला गेली.

पत्र्याखालून पाण्याचा ओघळ अलीकडे आला होता. थंडीचे दिवस, पाऊस नाही, तरी माती ओली होती. आणि त्या ओल्या मातीत गांडुळं वर येऊन मरून पडली होती. तांबडीने पुन्हा चोच नेली, पुन्हा मागे घेतली. गांडूळ दिसलं की दुसरीच्या तोंडातून ओढून खाणारी ती कोंबडी!

पारूबाईने तिला हुसकावून लावलं आणि ओघळावर माती लोटली. हे पाणी नळाचं नव्हतं. पत्र्यापलीकडे कुणीतरी ओतलं होतं, आणि भरपूर ओतलं होतं.

५

कस्तुराबाई पंपावरून हंडा घेऊन येत होती. पारूबाईने तिला माळाच्या वाटेवर गाठलं.

"वाट सोड," कस्तुराबाई म्हणाली. रडून रडून तिचे डोळे सुजले होते.

"सोडते. एवढंच सांग, पिल्लं कशी हायेत?"

दुसरं काहीही विचारलं असतं तर कस्तुराबाई थांबली नसती. तिने हंडा खाली ठेवला.

"ओरडत्यात. आईला नेलं तरी तिथंच घुटमळत्यात."

"खात्यात?"

"कणी टाकली ती खाल्ली."

"कालबी तीच कणी खाल्ली व्हती?"

"दुसरी कुठली आणू? कोंबड्यांपुढं टाकली तीच चिमूटभर डालग्याखाली टाकली. त्यांची आईबी तीच खात व्हती."

पारूबाईला गुडघ्याचा विसर पडला. कणी तीच. आईने खाल्ली ती मेली, पिल्लांनी खाल्ली ती जगली. मोठ्या कोंबडीला जेवढं विष मारतं त्याच्या कणभरात पिल्लू खलास व्हायला हवं. मग दाण्यात काही नव्हतंच.

"आई दिवसभर डालग्यातच व्हती?"

"दिवस मावळायला सोडली व्हती, पाय मोकळे करायला. पाणी प्याली, परत कोंडली."

"आणि पिल्लांचं पाणी?"

कस्तुराबाईने तिच्याकडे असं बघितलं, जणू हा काय प्रश्न झाला. "थाळीत. खडे टाकून, बुडू नयेत म्हणून. तूच नाय का शिकवलं? माठातलं घालते. पिल्लांना आपण पितो तेच पाणी द्यायचं, आसं तूच सांगितलं व्हतंस."

सांगितलं होतं खरं. पहिल्या वर्षी कस्तुराबाईची पिल्लं मोरीचं पाणी पिऊन मेली तेव्हा. एवढं भांडण झालं, पत्रा ठोकला, नळ सोडला, पण ती शिकवण काही बाईने सोडली नव्हती.

"मग मोठ्या कोंबड्या कशावर प्यायच्या, कस्तुरे? माझी कुंडी तर त्यांनी सोडली."

कस्तुराबाईचा चेहरा बदलला. तिने घाईघाईने हंडा उचलला, पाणी हिंदकळून पातळ भिजलं.

"मला नाय माहीत. मालकाला इचार," ती म्हणाली आणि पळत सुटावं तशी निघून गेली.

६

पारूबाई पुन्हा बन्सीकडे गेली आणि करवत मागून घेतली. दातांत अडकलेला भुसा तिने नखाने काढला. निळा होता. पदराच्या गाठीत तिने खुराड्यापुढची माती बांधून आणली होती, त्यातले कण वेचून शेजारी ठेवले. दोन्ही एकच.

"पाणी दे वाटीत," ती म्हणाली.

कण पाण्यावर तरंगले. पाणी जसंच्या तसं राहिलं, निळं झालं नाही. मग तिने ते बन्सीच्या तापलेल्या तव्याच्या कडेला टाकले. ते मऊ होऊन चिकटले आणि घाण वास सुटला.

"प्लास्टिक!" बन्सी म्हणाला. "माझ्या तव्याचं वाटोळं केलंत, मावशी."

"चल माझ्याबरोबर. करवत घे."

आप्पासाहेबांच्या ओट्यापुढे सगळे जमले होते. जमादार अजून यायचे होते. भिकन झोप न झालेल्या तांबरलेल्या डोळ्यांनी उभा होता. शेजारी कस्तुराबाई खाली बघत उभी होती. रामकिसन सगळ्यांपासून लांब, आपल्या लुनाला टेकून उभा होता.

"सांगा," आप्पासाहेब म्हणाले.

पारूबाई पायरीवर बसली.

"दाण्यात काय नव्हतं. तेच दाणे खाऊन पिल्लं जगली. पिल्लांचं एकच निराळं व्हतं, त्यांचं पाणी. ती थाळीतलं माठातलं पाणी प्याली. मोठ्या कोंबड्या दुसऱ्या कशात तरी प्याल्या. आसल्या उंच काठाच्या भांड्यात, की पिल्लाची चोच पोचू नये. भांडं मोठं व्हतं. आप्पासाहेब, तुम्हीच म्हणालात, काल बाईनं हंड्यावर हंडे नेले. आणि आज ते पाणी कुणीतरी ओतून दिलं. पत्र्याखालून माझ्याकडं आलंय. गांडुळं मेलीत त्यात."

तिने बन्सीच्या हातातली करवत घेऊन पुढे धरली.

"ते निळं औषध नाय. प्लास्टिक हाय. बन्सीच्या करवतीला तेच लागलंय, आणि करवत काल भिकनभाऊंनी नेली व्हती." ती भिकनकडे वळली. "भिकनभाऊ, कंपनीतनं निळा ड्रम आणला का?"

भिकन एक पाऊल मागे सरला. बोलली ती कस्तुराबाई.

"खाटेखाली हाय. वाकळंखाली झाकलाय. मालक सकाळी आले, कोंबड्या बघितल्या, म्हणाले आधी ड्रम आत घे, मग काय वरडायचं ते वरड. पोलीस येतील, ड्रम बिगरपरवानगीचा हाय, नोकरी जाईल."

"आसं कुठं म्हणलं मी, की ड्रमानं—" भिकन मधेच ओरडला. "दोनदा धुतला व्हता! वास नव्हता त्याला! कोंबड्यांना पाणी कशात ठेवायचं? ही किती हंडे वाहील? म्हणून आणला. मला खरंच वाटलं, ह्या पोरानंच..."

"तुमच्या कंपनीत काय करत्यात?"

"भांड्याला मुलामा. ड्रमात त्याचं केमिकलचं पाणी येतं."

एवढं बोलून तो थांबला. सकाळपासून त्याच्या मनात रामकिसन एवढा घट्ट बसला होता की ड्रमाकडे त्याने त्या नजरेने एकदाही बघितलं नव्हतं. आता बघितलं. पारूबाईला ते त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसलं आणि त्याच क्षणी तिला पुढची गोष्ट सुचली.

"ड्रम उभा चिरला ना? त्याच्या दोन डोणी व्हत्यात. एक खाटेखाली हाय. दुसरी कुठंय?"

भिकनच्या तोंडचं पाणी पळालं.

"मुंजाबा घेऊन गेला," तो पुटपुटला. मुंजाबा त्याचा धाकटा भाऊ, गावाकडे गंगापूरच्या बाजूला मेंढरं राखायचा. "काल, जीपमधनं. मेंढरांच्या पाण्याला."

कस्तुराबाई ओरडली. "माय गं! मेंढरांचा सगळा वाडा पिणार त्याच्यावर!"

जीप भरल्याशिवाय सुटत नाही, एसटी केव्हा येईल याचा भरवसा नाही. आप्पासाहेब इकडेतिकडे बघू लागले. भिकनला काहीच सुचत नव्हतं. तेवढ्यात लुना सुरू झाल्याचा आवाज आला.

रामकिसन कुणाकडेही न बघता म्हणाला, "बसा मागं."

भिकन जागचा हलेना.

"बसा म्हणलं ना! मेंढरं काय मोर्चाला गेली नव्हती."

७

दोघं गेले ते दिवस कलला तरी परतले नाहीत. जमादार आले, चहा पिऊन गेले. आप्पासाहेबांनी कोंबड्या रोगाने मेल्या असं सांगितलं. खोली सोडण्याविषयी त्यांनी चकार शब्द काढला नाही आणि पारूबाईनेही विचारलं नाही. उद्या ते हेच पुन्हा दुसऱ्या कशावरून तरी काढतील, हे तिला माहीत होतं.

ती कुंडीपाशी बसून राहिली. थोड्या वेळाने कस्तुराबाई येऊन जरा अंतर ठेवून बसली.

"ते निळं," कस्तुराबाई म्हणाली, "माझ्या ध्यानातच नाय आलं. ड्रम चिरला तेव्हा मी पंपावर व्हते."

"भिकनभाऊंनीच चिरला ना?"

कस्तुराबाई नखाने कुंडीचा काठ खरवडू लागली.

दिवेलागणीला लुना आली. भिकन उतरला, धुळीने माखलेला. त्याचा चेहरा बघून दोघींना कळेना, काय झालं असेल.

"वाचलं," रामकिसननेच सांगितलं. "यांच्या म्हातारीनं, राजाबाईनं, डोणीत पाणी घातलंच नाय. म्हणली, हिला प्लास्टिकचा वास मारतोय, मेंढरं तोंड लावायची नायत. पालथी घालून खाली पिल्लं कोंडलीत, घारीच्या भ्यानं. आम्ही डोण उचलली तर आम्हालाच काठी दाखवती."

कस्तुराबाई हसली आणि हसता हसता रडली. पारूबाईला हसू आलं नाही. ती भिकनला म्हणाली, "निळं काय हाय ते तुम्हाला ठाऊक व्हतं. तुमच्याच हातचा भुसा."

"व्हय."

"आणि गप बसलात."

भिकनने मान वर केली नाही. "वाटलं, निळं कशाचंबी असंना. केलं आसंल तर त्यानंच." मग तो म्हणाला, "येताना त्यानं मला ढाब्यावर चहा पाजला. एक शब्द बोलला नाय. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं."

रामकिसन लुना भिंतीला लावून आत निघून गेला. भिकनही गेला. माफी कुणी मागितली नाही. पारूबाईला तिची वाट बघायचंही त्राण उरलं नव्हतं.

अंधार पडायला लागला तशी कस्तुराबाई पुन्हा आली. तिच्या पदरात पिल्लं चिवचिवत होती, हातात खड्यांची थाळी होती.

"आक्का, गारठा हाय. आईबिगर रात काढायची नायत ही. तुझी ती भुरी खुडूक हाय ना?"

आतून रामकिसनचा आवाज आला, "माय, तू काय एकटीच हायेस का आळीत?"

पारूबाईलाही तेच वाटत होतं. आज दिवसभर जिने आपल्या पोराला विष घालणारा ठरवलं, तिची पिल्लं आपण का घ्यायची? ती तशीच बसली असती तर कुणी तिला नावं ठेवली नसती. पण पदरातला चिवचिवाट थकत चालला होता. ती उठली. घराच्या कोपऱ्यात भुरी कोंबडी टोपल्यात अंग फुगवून बसली होती. पारूबाईने एकेक पिल्लू मुठीत घेऊन तिच्या पोटाखाली सरकवलं. भुरीने आधी कुरकुर केली. मग हळूच पंख पसरले. जरा वेळाने पिल्लांचा आवाज बंद झाला.

"घेतली," पारूबाई म्हणाली.

कस्तुराबाईने पदर झटकला. थाळी अजून तिच्या हातात होती.

"उद्या सकाळी उठली की पाणी लागंल त्यांना," ती म्हणाली. "कुठलं घालू? माझ्या माठातलं आणू, का..."

नळ दोघींच्या मधे होता, ठिबकत. पारूबाई उंबऱ्यावर बसली आणि गुडघा लांब केला.

"पिल्लांना आपण पितो तेच द्यायचं," ती म्हणाली. "तू काय पिणार हायेस, ते तू बघ."

कस्तुराबाईने पत्र्याकडे बघितलं. पत्र्यापलीकडे भिकन खोकला. मग तिने थाळी खाली ठेवली, नळ सोडला, ओंजळ धरली आणि प्याली. पुन्हा ओंजळ भरून प्याली. तोंड पुसून तिने थाळीतले खडे एकेक करून धुतले आणि थाळी नळाखाली भरून घेतली.

पारूबाईने तेलाची वाटी पुढे ओढली. उद्या कँटीनला दांडी मारून चालणार नव्हतं.